ऑप्टोकपलरची निवड: वाइटातल्या वाईट दिवसाचा हिशेब



काशीच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल आभार मानतो. विषयाला गावही साजेसं मिळालं आहे. १९१९ साली इथं सुरू झालेलं बनारस इंजिनिअरिंग कॉलेज आज आयआयटी बीएचयूच्या रूपात उभं आहे. १९६४ पासून डिझेल इंजिनं बांधणारा इथला रेल्वे कारखाना आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स या नावानं विजेची इंजिनं घडवतो. अशा इंजिनाच्या छतावर २५ हजार व्होल्ट असतात, नियंत्रणाची बॅटरी ११० व्होल्टची असते आणि प्रोसेसर ३.३ व्होल्टवर चालतो. २५ हजार व्होल्टांपुढे ऑप्टोकपलरची इवलीशी फट पुरत नाही, तिथं प्रकाश फायबरमधून न्यावा लागतो. पण ११० आणि ३.३ व्होल्टांच्या मधला पहारा बहुतेकदा ऑप्टोकपलरकडे असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा पहारेकरी डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या ठळक आकड्यावरून नेमू नये.

साधं उदाहरण घेऊ. रेल्वेच्या मानकानुसार ११० व्होल्टचा पुरवठा ७७ पासून १३७.५ व्होल्टपर्यंत हलू शकतो. एलईडीसोबत ३३ किलोओहमचा रोध लावला, तर ७७ व्होल्टला सुमारे २.३ मिलिअँपिअर मिळतात. १३७.५ व्होल्टला त्याच रोधात अर्ध्या वॉटहून अधिक उष्णता होते, म्हणून तो दोन वॉटचा घ्यावा. पीसी८१७ या ऑप्टोकपलरच्या ए श्रेणीचा किमान सीटीआर, म्हणजे एलईडीच्या प्रवाहाच्या तुलनेत बाहेर मिळणारा प्रवाह, ८० टक्के आहे, पण तो ५ मिलिअँपिअरला मोजलेला. प्रवाह कमी, बनारसचा मे महिना आणि वर्षानुवर्षं मंदावत जाणारा एलईडी ध्यानात घेऊन मी निम्मा, म्हणजे ४० टक्केच धरतो. हाती उरतात ०.९ मिलिअँपिअर. ३.३ व्होल्टच्या बाजूचा पुल-अप रोध १० किलोओहमचा असेल तर ०.३ पुरतात, सिग्नल स्वच्छ मिळतो. तोच २.२ किलोओहमचा असेल तर १.४ लागतात. टेबलावर नवाकोरा बोर्ड तेव्हाही चालेल. दगा देईल तो काही वर्षांनी. उलट पुल-अप फारच मोठा ठेवला, तर एलईडी बंद असतानाही वाहणारा आणि उष्णतेनं वाढणारा अंधारप्रवाहच खोटा सिग्नल देईल.

डेटाशीटवरचा दुसरा ठळक आकडा विलगीकरणाच्या ५००० व्होल्टचा. ती एका मिनिटाची चाचणी आहे. त्या दाबावर रोज काम करण्याचा तो परवाना नव्हे. सततच्या दाबासाठी आयईसी ६०७४७-५-५ प्रमाणे दिलेला कार्यकारी व्होल्टेज बघावा. वेगाचंही तसंच. दार उघडं की बंद, एवढं कळायला फोटोट्रान्झिस्टर पुरतो. वेगवान डेटाला ६एन१३७ सारखा भाग हवा. आयजीबीटीच्या गेटवर मात्र व्होल्टेजच्या झपाट्यापुढे निवडलेला भाग किती किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद टिकतो, हे आधी पाहावं.

आणि उत्तम भाग निवडूनही विलगीकरण पीसीबीवर गमावता येतं. नेहमीच्या डीआयपीच्या पायांच्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर अंतर असतं, पॅडचं तांबं त्यातलं बरंचसं खातं. त्यावर उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याची ओल बसली, की पृष्ठभागच गळका होतो. रुंद पायांची आवृत्ती घ्या, भागाखाली खाच कापा, तिथून तांबं नेऊ नका. सोयीसाठी दोन्ही बाजूंची ग्राउंड जोडणाऱ्यानं तर ऑप्टोकपलर विकतच घेऊ नये!

म्हणून ठराव मांडतो: प्रत्येक आराखड्यासोबत एलईडीचा किमान प्रवाह, उष्णता व वयाची सूट धरलेला सीटीआर, सततचा कार्यकारी व्होल्टेज आणि मिलिमीटरमधलं क्रीपेज (पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर), या चार नोंदी सहीनिशी जोडाव्यात. दुरुस्त्या मोकळेपणानं सुचवा. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा करू.