सेवेचें शिक्षण

(महोत्सवानिमित्त केशोरी येथें भरलेल्या युवक-पालक सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)

ख्रिस्तांत प्रिय बंधुभगिनींनो, आणि विशेषतः बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढें काय करावें या विचारांत असलेल्या मुलामुलींनो,

महोत्सवाच्या दिवसांत मागें वळून पाहून देवाचे आभार मानावे, ही रीत योग्यच आहे. परंतु आजच्या सभेंत आपण थोडें पुढें पाहावें, अशी माझी इच्छा आहे. आपल्यांतील कांहीं मुलामुलींच्या मनांत समाजकार्याची पदवी, जिला सर्वजण बी. एस. डब्ल्यू. म्हणतात ती, घेण्याचें आहे. त्यांचे आईबाप मला दोन प्रश्न विचारतात. एक असा कीं, सेवा करावयास पदवी कशाला हवी? आणि दुसरा असा कीं, तीन-चार वर्षें घालवून या मुलांच्या हातीं काय लागणार? हे प्रश्न रास्त आहेत. ऐन रोवणीच्या दिवसांत घरांतील दोन हात कमी होणें म्हणजे काय, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं ते विचारलेले आहेत. तेव्हां नुसत्या गोड शब्दांनीं त्यांची बोळवण करणें बरें नव्हे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच एका संतानें चारशें वर्षांपूर्वीं देऊन ठेविलें आहे. सन १६१७ मध्यें संत विन्सेंट द पॉल हे फ्रान्समधील शातियों या गांवीं धर्मगुरु होते. एका रविवारीं मिस्सेच्या आधीं त्यांना कळलें कीं, गांवाबाहेरील एका घरांतलीं सर्व माणसें आजारानें अंथरुणास खिळलीं असून त्यांना पाणी देण्यासहि कोणी उरलेलें नाहीं. त्यांनीं प्रवचनांत ही गोष्ट कळवळून सांगितली. दुपारीं ते स्वतः त्या घराकडे निघाले, तों सारा रस्ता अन्न घेऊन जाणाऱ्या माणसांनीं भरून गेलेला! संतांस आनंद झाला. पण त्याच वेळीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आज आलेलें हें अन्न बरेचसें नासून जाईल आणि थोड्याच दिवसांत तें कुटुंब पुन्हां पूर्वीच्याच दशेस येईल. लोकांच्या मनांत दया पुष्कळ होती, पण तिला व्यवस्था नव्हती. म्हणून त्यांनीं गांवांतील स्त्रियांचें एक मंडळ स्थापिलें, त्यांच्या पाळ्या लाविल्या आणि नियम लिहून दिले. पुढें संत लुईझ द मारियाक या विधवा स्त्रीनें त्यांच्यासह १६३३ मध्यें दयेच्या कन्यांचा संघ उभा केला आणि खेड्यांतील साध्या मुलींना रुग्णसेवेचें रीतसर शिक्षण दिलें. याच लुईझ यांस पोप तेविसावे योहान यांनीं १९६० मध्यें समाजकार्यकर्त्यांची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केलें. तेव्हां सेवा ही शिकावी लागते, हा विचार आपल्या परंपरेंत जुनाच आहे.

आपल्या देशांत या शिक्षणाचें पहिलें विद्यालय १९३६ मध्यें मुंबईंत सुरू झालें. टाटा विश्वस्तनिधीच्या द्रव्यसाहाय्यानें निघालेल्या त्या विद्यालयाचे पहिले प्रमुख क्लिफर्ड मॅनशर्ट हे अमेरिकन मिशनरी होते व त्यांनीं नागपाड्याच्या दाट वस्तींत काम केलेलें होतें. तेंच विद्यालय आज टाटा समाजविज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. पुढें १९५५ मध्यें मरियेच्या हृदयाच्या कन्या या संघाच्या भगिनींनीं मुंबईंतच निर्मला निकेतन हें समाजकार्याचें महाविद्यालय काढलें. परंतु आपल्या मुलांना इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. नागपुरांत मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आहे, तिरपुडे महाविद्यालय आहे. वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली येथेंहि अशीं महाविद्यालयें आहेत. आपला गोंदिया जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रांत येतो, तर शेजारचा गडचिरोली जिल्हा २०११ मध्यें स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रांत.

प्रवेशाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. कला, वाणिज्य वा विज्ञान, कोणत्याहि शाखेंतून बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास सामान्यतः या अभ्यासक्रमाचें दार उघडें असतें. अडचण येते ती कागदपत्रांची. निकाल लागल्यावर जातीच्या दाखल्यासाठीं, जात वैधता प्रमाणपत्रासाठीं व उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं धांवाधांव करणारीं घरें प्रतिवर्षीं दिसतात. नेमका तोच काळ रोवणीचा! तीं कागदपत्रें अकरावींतच मिळविण्यास लागावें. शिष्यवृत्तीच्या बाबतींत आपल्या लोकांनीं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाहीं; म्हणून गोंड वा हलबा कुटुंब ख्रिस्ती असलें तरी त्याचा तो हक्क जात नाहीं. अनुसूचित जातीच्या बाबतींत मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें ख्रिस्ती कुटुंबास तो दर्जा मिळत नाहीं. अशा कुटुंबांनीं दुसऱ्या कोणत्या सवलती आपणांस लागूं आहेत याची चौकशी समाजकल्याण कार्यालयांत वेळेवर करावी. अर्जांत जें खरें तेंच लिहावें. खोट्या कागदावर आरंभिलेलें सेवेचें शिक्षण शेवटास जात नाहीं.

आतां प्रवेश मिळाला असें समजूं. पुढें काय? येथेंच पुष्कळांची समजूत चुकते. त्यांना वाटतें कीं, ही सोपी पदवी आहे. इतरत्र जागा न मिळाल्यास येथें नांव घालावें, पुस्तकें पाठ करावीं आणि सुटावें. वर्गांत समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यघटना व समाजकार्याच्या पद्धति हे विषय शिकवितात हें खरें. परंतु या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. प्रथम निरनिराळ्या संस्थांना भेटी देऊन तेथील काम पाहावयाचें असतें. नंतर विद्यार्थ्यास एखादी वस्ती, शाळा, रुग्णालय किंवा संस्था नेमून देतात व आठवड्यांतील साधारणतः दोन दिवस त्यानें तेथें काम करावयाचें असतें. प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहून तो शिक्षकांस दाखवावा लागतो. कोणास भेटलों, तो काय बोलला, मी काय बोललों आणि तसें कां बोललों, हें सारें त्यांत यावें लागतें. शिवाय ग्रामीण शिबिरें असतात आणि शेवटच्या टप्प्यांत बहुधा लहानसें संशोधनहि असतें. जो विद्यार्थी अहवाल साठवून ठेवतो, तो वर्षअखेर अडकतो. पुस्तकांतला विषय राहिला तर पुन्हां परीक्षा देतां येते. पण ज्या दिवशीं आपण वस्तींत गेलोंच नाहीं, तो दिवस मागाहून कसा भरून काढणार?

या क्षेत्रकार्यांत शिकावयाचें तें काय? येशू संघाचे एक अमेरिकन धर्मगुरु, फादर फेलिक्स बीस्टेक, यांनीं १९५७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याचीं सात तत्त्वें मांडलीं. प्रत्येक मनुष्य स्वतंत्र व्यक्ति आहे असें जाणणें. त्यास आपल्या भावना मोकळेपणीं बोलूं देणें. स्वतःच्या भावना आवरून त्याचें दुःख समजून घेणें. तो जसा आहे तसा त्याचा स्वीकार करणें. त्याचा न्यायाधीश न होणें. त्याचा निर्णय त्यालाच घेऊं देणें. आणि त्याचें गुपित राखणें. जगांतील समाजकार्याच्या विद्यालयांत, मग तीं कोणत्याहि धर्माच्या लोकांनीं चालविलेलीं असोत, हीं तत्त्वें आजहि शिकवितात.

ऐकावयास तीं सोपीं वाटतात. आचरणांत आणून पाहा. आपल्या विदर्भांत सिकलसेल हा आनुवंशिक रोग पुष्कळ कुटुंबांत आहे. आईबाप दोघेहि त्याचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणांत मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. समजा, एका मुलीचें लग्न ठरत आहे आणि तपासणींत ती वाहक असल्याचें दिसून आलें. वाहक म्हणजे रोगी नव्हे. पण ही गोष्ट विहिरीवर गेली कीं लग्न मोडलेंच आणि मुलीच्या नांवास कायमचा बट्टा लागला! अशा वेळीं नुसता कनवाळू मनुष्य काय करील? तो चार जणांजवळ हळहळेल, किंवा मुलीस परस्पर सांगून टाकील कीं हें लग्न करूं नकोस. शिकलेला कार्यकर्ता तोंड बंद ठेवील; तिला रोगाचें स्वरूप समजावील; वरानेंहि तपासणी करून घ्यावी हें कसें सुचवावें, याचा तिच्याशीं विचार करील; आणि निर्णय तिचा तिलाच घेऊं देईल. त्या एका मुलीचें आयुष्य या फरकावर अवलंबून आहे. माझ्या मतें पहिल्या प्रश्नाचें पुरतें उत्तर येथें मिळतें. पापनिवेदनांतील शब्द धर्मगुरूनें प्राण गेला तरी बाहेर काढावयाचा नसतो. तेव्हां विश्वासानें सांगितलेल्या शब्दाचें मोल काय, हें मी तुम्हांस निराळें सांगावयास नको.

लोकांस आधीं विचारावें, मग काम करावें, याचें ढळढळीत उदाहरण आपल्या शेजारीं आहे. गडचिरोली जिल्ह्यांत शोधग्राम येथें रुग्णालय बांधण्याच्या वेळीं डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं तेथील गोंड लोकांस विचारलें कीं, तुम्ही दवाखान्यांत कां येत नाहीं? लोकांनीं सांगितलें कीं, मोठ्या इमारतींची आम्हांस भीति वाटते. नातलगांस रोग्यापाशीं राहूं देत नाहींत. आणि तेथील माणसें पांढरे कपडे घालतात, आम्ही तर प्रेतास पांढरें वस्त्र गुंडाळतों. तेव्हां रुग्णालय गोंड खेड्याच्या धर्तीवर बांधलें गेलें, नातलगांच्या राहण्याची सोय झाली, आणि लोकांच्या इच्छेनें त्यास माँ दंतेश्वरीचें नांव दिलें. त्या इमारतीचा आराखडा कोणा शहाण्यानें एकट्यानें बसून काढला असता तर ती कदाचित् रिकामीच राहिली असती.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरहि मी झांकून ठेवणार नाहीं. या पदवीनें लगेच मोठ्या पगाराची नोकरी लागते, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नका. सेवासंस्थांतील वेतन बहुधा बेताचें असतें व कामें पुष्कळदां मुदतीचीं असतात. रुग्णालयांतील समाजसेवेच्या किंवा कारखान्यांतील कामगार कल्याणाच्या वरच्या जागांसाठीं पुढील दोन वर्षांची एम. एस. डब्ल्यू. ही पदव्युत्तर पदवी बहुधा मागतात. तेव्हां घरच्यांनीं तीन-चार वर्षांचाच नव्हे, तर पांच-सहा वर्षांचा हिशेब आधींच मांडावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणें मधल्या टप्प्यावर थांबल्यास प्रमाणपत्र वा पदविका मिळण्याची तरतूद आहे. परंतु तो आजारपणांतला वा अडचणींतला आधार समजावा, निघतांनाच ठरविलेला मुक्काम नव्हे. आणि हातीं लागतें तें केवळ वेतन नव्हे. बालकांचें संरक्षण, घरांतील अत्याचारांविरुद्ध स्त्रियांस आधार, व्यसनमुक्ति, २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं ग्रामसभेचे दावे, या सर्व कामांत कायदा वाचूं शकणारा आणि म्हाताऱ्या आजीचें बोलणें तिच्या भाषेंत ऐकूं शकणारा, असा मनुष्य हवा असतो. नागपूरच्या मुलास पहिली गोष्ट लवकर येईल. दुसरी आपल्या मुलांना घरींच मिळालेली आहे. गोंडी येणें, तेंदूपत्त्याचा हंगाम ठाऊक असणें, धान बुडाल्यावर घरांत काय होतें हें पाहिलेलें असणें, ही लाज वाटण्याची गोष्ट नाहीं. तें तुमचें भांडवल आहे, मुलांनो.

शेवटीं, ज्याचें त्याला सांगतों. विद्यार्थ्यांनो, पहिल्या सहामाहींत इंग्रजी ग्रंथ कळणार नाहींत, वसतिगृहांत करमणार नाहीं, आणि वस्तींतले लोक तुम्हांस विचारतील, "तूं आम्हांला काय देणार?" त्या प्रश्नानें खचूं नका, त्याचें उत्तर शोधणें हाच तुमचा अभ्यास आहे. आईबापांनो, मुलगी वस्त्यांतून हिंडते म्हणून लोक कांहीं बोलतील. तिच्या पाठीशीं उभे राहा, आणि रोवणीसाठीं तिला क्षेत्रकार्यांतून मध्येंच बोलावूं नका. आणि आपण सर्वांनीं, धर्मग्राम या नात्यानें, गरजू विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचा व प्रवासाचा भार वांटून घ्यावा. तो उचलतांना शातियोंच्या लोकांप्रमाणें एकाच दिवशीं सारें ओतूं नये. दरमहा थोडें, ठरलेल्या दिवशीं, हिशेब ठेवून द्यावें. जीं मुलें व्यवस्थित सेवा करावयास शिकण्यासाठीं जात आहेत, त्यांना तिचा पहिला धडा आपल्याच गांवीं पाहावयास मिळो.

देव तुम्हां सर्वांस सुबुद्धि व धीर देवो.