बहकलेल्या घड्याळावर पहारा

बंद पडलेले घड्याळ चटकन ओळखू येते. हळूहळू मागे पडणारे मात्र गाडी चुकवते. 1 जानेवारी 2004 रोजी अमेरिकेच्या जीपीएसमधील एका उपग्रहाचे घड्याळ असेच बहकले. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक, म्हणजे अंतरात 300 मीटरांचा फरक! विमान उतरताना हा जिवाशी खेळच.

मग चूक धरायची कशी? तराजू तपासताना आपण माहीत असलेले वजन टाकतो ना, अगदी तसे. भारताच्या ‘गगन’ यंत्रणेची 15 केंद्रे काटेकोर मोजलेल्या जागी उभी आहेत. उपग्रहाचे अंतर तिथे जुळेना, की काही सेकंदांत विमानाला इशारा जातो : ‘याच्यावर विसंबू नका!’

आपल्या मोबाइलपर्यंत हा इशारा सहसा पोचत नाही. तेव्हा त्याने वाट दाखवली, तरी समोरचा ओढा आपणच पाहावा, बरे का!