रुमाल टाकून जागा मिळत नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पोळा झाला, गोटमार झाली आणि बाप्पा आले. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात हे दिवस असे एकामागे एक येतात की घरी बसायला उसंत मिळत नाही. अशा गडबडीत कार्यक्रम-समितीने मला सांगितले, "पालकांसाठी पंधरा मिनिटे बोला." मी काही वक्ता नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, राज्य शासनात उपयंत्री म्हणून लागलो, आणि तेव्हापासून पाइपलाइन, टाकी आणि पंप एवढेच माझे जग. म्हणून मोठा विषय घेत नाही. एका रांगेची गोष्ट सांगतो. त्या रांगेत माझी मुलगी उभी होती आणि शिकलो मात्र मी.

माझे लहानपण सौंसरला गेले. तेव्हा नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन होती. 2015 साली ती बंद झाली, आता तिथे मोठी लाइन आहे. इथे बसलेल्या अनेकांनी त्या छोट्या गाडीतून प्रवास केला असेल. गाडी फलाटावर येताना जागा कशी धरायची, हे कोणाला शिकवावे लागत नसे. खिडकीतून रुमाल टाकायचा, नाही तर दुपट्टा, नाही तर पिशवी. रुमाल ज्याचा, जागा त्याची. माझे वडील तर मलाच खिडकीतून आत सोडायचे आणि खालून ओरडायचे, "आडवा पड रे, आडवा पड!" चार माणसांची जागा मी एकटा धरून ठेवत असे. मला त्याचा केवढा अभिमान होता! जागा मिळवायची म्हणजे चपळाई पाहिजे, ओळख पाहिजे, थोडा आवाज पाहिजे, हे तेव्हा जे डोक्यात बसले ते बसले.

आता 2019 च्या मे महिन्यात या. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची, पाचवीची परीक्षा दिलेली. मुंबईच्या माझ्या मामेभावाने त्याच्या मुलाचा फोटो पाठवला होता. पोरगा वैमानिकाचा गणवेश घालून, टोपी घालून उभा. झाले! त्या दिवसापासून घरात एकच विषय, "बाबा, मला विमान चालवायचे आहे." माझी आई म्हणाली, "काहून बाप्पा, इमान काय बैलगाडी हाय का?" पण नात ऐकते कुठे.

तो फोटो किडझानियाचा होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही मूळ कल्पना मेक्सिकोची. तिथे 1999 साली पहिले किडझानिया सुरू झाले. मुंबईत घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये ते 2013 साली आले. हे मुलांच्या मापाचे एक शहर आहे. रस्ते, बँक, दवाखाना, अग्निशमन केंद्र, विमान, सगळे आत. प्रवेश विमानतळासारखा, हातात बोर्डिंग पास. मुलांना तिथले वेगळे चलन मिळते, त्याला किडझो म्हणतात. मूल काम करते तेव्हा किडझो कमावते, काही करमणूक करायची तर खर्च करते. हातावर पट्टा बांधतात, त्यामुळे ज्या मोठ्या माणसाबरोबर मूल आत आले त्याच्याबरोबरच बाहेर जाते. आणि मुख्य म्हणजे खेळाच्या खोलीत आई-वडिलांना प्रवेश नाही. आपण बाहेरून काचेतून बघायचे.

आम्ही पांढुर्ण्याहून नागपूर, नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी कल्याणला उतरून लोकलने घाटकोपर असे गेलो. नऊशेहून जास्त किलोमीटर! आत शिरल्यावर आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. फोटो काढले, इकडे तिकडे फिरलो, सौ. म्हणाली आधी थोडे खाऊन घेऊ. तास गेला. मग विमानापाशी पोहोचलो तर मोठी रांग.

मी लगेच हुशारी केली. सौ.ला म्हणालो, "तू हिला घेऊन अग्निशमनचे बघ, मी इथे जागा धरतो." आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत हा चाळिशीचा बाप्या उभा राहिला. रुमालच टाकला म्हणा ना. बऱ्याच वेळाने नंबर जवळ आला तेव्हा फोन करून मुलीला बोलावले आणि पुढे केले.

तिथल्या मुलीने हसत सांगितले, "काका, इथे मुलांनीच रांगेत उभे राहायचे असते. तुमची जागा तिला देता येणार नाही."

मी म्हणालो, "ताई, आम्ही फार लांबून आलो, मध्य प्रदेशातून. जरा अॅडजस्ट करा." तिने मान हलवली. मग मंडळी, सांगायला लाज वाटते, पण मी आवाज थोडा चढवून हेही सांगितले की मी शासकीय सेवेत आहे. आता त्याचा आणि विमानाचा काय संबंध? पण तोंडातून निघाले.

मागे एक बारका मुलगा बोटांवर मोजत होता, पुढे किती जण उरले ते. माझ्या मुलीने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, म्हणाली, "बाबा, तो माझ्याआधी आहे." आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

ती किती वेळ उभी होती म्हणता? जवळजवळ दीड तास. दवाखाना राहिला, अग्निशमन अर्धवट बघून सोडले होते ते राहिलेच. शेवटी नंबर लागला. टोपी घालून ती आत बसली आणि मी काचेला नाक लावून बाहेर. तिने एकदाही माझ्याकडे बघितले नाही, इतकी ती कामात होती.

परतीच्या गाडीत रात्री मला वाटले झोपली. तर हळूच विचारते, "बाबा, तुम्ही त्या ताईंना आपण किती लांबून आलो ते का सांगत होता? तो मुलगा पण नांदेडहून आला होता. त्याने नाही सांगितले."

माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे मुलांना फिरायला न्यायचे नाही का? जरूर न्या. पण तयारीने न्या. आमच्या चुकांमधून जे समजले ते सांगतो, लिहून घ्यायचे तर घ्या.

पहिले, वय आणि उंची घरीच बघा. किडझानियात निरनिराळ्या कामांना वयाची अट असते. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या ठिकाणी झुल्यांवर उंची मोजतात. दारात उभे राहून रडणाऱ्या मुलाला समजावण्यापेक्षा घरी भिंतीवर खूण करून टेप लावलेला बरा.

दुसरे, सुट्टीचा वार टाळा. मे महिना आणि दिवाळी टाळता येत नसेल तर निदान शनिवार-रविवार टाळा. निघण्यापूर्वी त्या दिवशी ते ठिकाण उघडे आहे का आणि दर काय आहेत, हे त्यांच्याच अधिकृत ठिकाणी बघा.

तिसरे, मुलाला तीन इच्छा विचारा आणि क्रम त्यालाच लावू द्या. दार उघडल्याबरोबर सरळ पहिल्या इच्छेकडे जायचे. फोटो नंतर, खाणे नंतर. सगळे जेवायला जातात तेव्हा रांगा लहान होतात, म्हणून आपण आधी किंवा नंतर जेवायचे. आणि रांगेत लागण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचे. हसू नका, अर्ध्या रांगेतून याच कारणाने परतलेली मुले मी पाहिली आहेत.

चौथे, हिशेब करा. हे माझ्या धंद्यातले आहे म्हणून जरा सांगतो. समजा एका वेळी दहा मुले आत घेतात आणि एक फेरी वीस मिनिटांची आहे. म्हणजे तासाला तीस मुले. तुमचे मूल पंचेचाळिसावे असेल तर ते पाचव्या फेरीत जाणार, म्हणजे पहिली फेरी आत गेल्यानंतर ऐंशी मिनिटांनी. कितीही ओरडा, पंपाची ताकद ठरलेली आहे, जास्त पाणी येणार नाही. तुम्हाला लवकर मिळाले तर शेवटच्या घराच्या नळाला तेवढे कमी आले एवढेच. हा हिशेब मुलाला सांगा आणि विचारा, थांबायचे की दुसऱ्या इच्छेकडे जायचे? निर्णय त्याचा.

पाचवे, रांगेत मूल उभे राहील. आपण जवळ उभे राहायचे, पाणी द्यायचे, जागा धरायची नाही.

हा नियम काही मुंबईचाच नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्नीच्या एका पार्कात चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 'जेडाय ट्रेनिंग' म्हणून कार्यक्रम होता, 2020 पर्यंत चालला. मुलांना झगा आणि खेळण्यातली प्रकाशाची तलवार देऊन मंचावर उभे करत. जागा मोजक्या, सकाळीच भरून जायच्या. तिथेही नाव नोंदवताना मूल स्वतः हजर पाहिजे असे. बापाने एकट्याने जाऊन नाव घालून यायचे, हे चालत नसे.

आणि आपल्यालाच जुगाड जमतो असे समजू नका. 2013 साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने बातमी छापली. डिस्नीत दिव्यांग व्यक्तीच्या कुटुंबाला रांगेत ताटकळावे लागू नये अशी सोय होती. काही श्रीमंत कुटुंबे एखाद्या दिव्यांग माणसाला पैसे देऊन घरचाच म्हणून सोबत नेत आणि रांग टाळत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नीने ती पद्धत बदलली. लगेच प्रवेश देण्याऐवजी परत येण्याची वेळ देऊ लागले. म्हणजे रुमाल टाकणारे दोनचार आणि नियम कडक झाले ज्यांना खरी गरज होती त्यांच्यासाठी. आता मोठमोठ्या पार्कांत जास्त पैसे भरून वेगळ्या रांगेतून जाता येते. ज्याला परवडते त्याने ते घ्यावे, ते उघड आहे, नियमात आहे. पण मुलाला हेही सांगावे की आपण पैसे देऊन पुढे आलो, आपण जास्त हुशार म्हणून नाही.

मंडळी, मी स्वतः टेबलामागे बसणारा माणूस आहे. लोक अर्ज घेऊन येतात. कोणी फोन करवून येतो, कोणी माझ्या साडूचे नाव सांगतो. आणि कोपऱ्यात एक म्हातारी आपला कागद घडी करून उभी असते. तिच्याजवळ कोणाचेच नाव नसते. मुंबईच्या त्या रांगेनंतर मला ती म्हातारी जास्त दिसू लागली. मी फार सुधारलो असे म्हणत नाही. पण आधी कोण आले होते, हे विचारायची सवय लागली.

आपल्या लहानपणी तान्हा पोळा भरायचा. कोणाचा लाकडी बैल मोठा, चाकांचा, सजवलेला, कोणाचा साधा मातीचा. पण आला तो रांगेत लागला. कोणाच्या बापाने आधी फोन करून जागा ठेवली नाही. मुलांचा कार्यक्रम कसा असावा, हे आपल्याला काही मेक्सिकोहून शिकायचे नव्हते. आपल्याजवळ होतेच.

आता शेवटचे सांगतो आणि थांबतो. 2018 साली याच मंडळाच्या चित्रकला स्पर्धेची यादी माझ्याकडे होती. जागा चाळीस. माझ्या मुलीचे नाव मी नोंदणी सुरू होण्याआधीच पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवले होते. कोणाला कळले नाही. आज सांगतो, म्हणजे आता कळले.

यंदा नोंदणीच्या टेबलावर तीच मुलगी बसली होती. अकरावीत आहे आता. परवा माझ्या एका जुन्या मित्राचा फोन आला, "नातवाचे नाव घाल ना बाबा, यादी भरत आली म्हणतात." मी सवयीने मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, अजून सहा जागा आहेत. त्याला पाठवा. रुमाल पाठवू नका."

मित्राचा नातू धावत गेला. अडतिसावा नंबर लागला त्याचा. आत्ता समोर तिसऱ्या ओळीत बसला आहे, निळा शर्ट. नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. थोडे वाकडे आहे, पण त्याचे आहे.