आजोबांचा बिल्ला आणि लिंकनची वाफाळ जत्रा

नेहमी आपण इथे कोडिंग, इंटरव्ह्यू, परदेशातली नोकरी यावर गप्पा मारतो. आज त्यातलं काहीच नाही. आज एका जत्रेची गोष्ट सांगणार आहे. आणि त्या गोष्टीत माझी एक जुनी थाप आहे, ती पण आज कबूल करून टाकणार आहे. इअरफोन लावा, लोकलमध्ये असाल तर खिडकी पकडा.

तर, मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहते हे तुम्हाला माहीत आहे. तिथून ट्रेननं तासाभरावर लिंकन नावाचं जुनं शहर आहे. ऑगस्टच्या शेवटी इथे सोमवारची बँक हॉलिडे असते, म्हणजे तीन दिवसांचा वीकेंड. त्या वीकेंडला लिंकनमध्ये असायलम नावाचा स्टीमपंक महोत्सव भरतो. 2009 मध्ये सुरू झाला. नाव असं विचित्र का? तर सुरुवातीला तो जिथे भरायचा ती इमारत एकेकाळी मनोरुग्णालय होती.

आता स्टीमपंक म्हणजे काय? असं समजा की पेट्रोल आलंच नाही, ट्रान्झिस्टर आलाच नाही, सगळं जग वाफेवरच पुढे गेलं. मग तुमचा मोबाइल कसा दिसला असता? पितळेचा, चावी द्यायचा, वर छोटंसं धुराडं! हा जो 'असं झालं असतं तर' खेळ आहे, तो म्हणजे स्टीमपंक. के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकानं 1987 मध्ये एका मासिकाला पत्र लिहिलं, त्यातून हा शब्द आला. पण कल्पना अगदीच हवेतली नाही बरं का. चार्ल्स बॅबेजनं एकोणिसाव्या शतकातच वाफेवर चालेल अशा कॉम्प्युटरचे आराखडे काढले होते. त्याच्या हयातीत काही ते यंत्र झालं नाही. पण त्याच्याच दुसऱ्या एका गणिती यंत्राचे आराखडे घेऊन लंडनच्या सायन्स म्युझियमनं 1991 मध्ये ते बांधलं आणि ते चाललं! जवळपास दीडशे वर्षं जुना कोड, रन केला आणि आउटपुट बरोबर आलं. आपल्याकडे कालचा कोड आज चालत नाही.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझी सांगलीची रूममेट, ऑफिसातला एक नागपूरकर, आणि आमच्या टीमच्या लीडबाई. लीडबाई पन्नाशीच्या पुढच्या, पक्क्या इंग्लिश, आणि दरवर्षी न चुकता जाणाऱ्या. आम्हाला त्यांनीच ओढून नेलं.

लिंकन स्टेशनच्या बाहेर पडलो तर समोर जॉर्ज बूलचा पुतळा! आपण रोज ज्या ट्रू-फॉल्सवर पोट भरतो ना, तो बूलियनवाला बूल. याच गावात 1815 साली एका चांभाराच्या घरी जन्मला. गणित बरंचसं स्वतःच शिकला आणि एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. त्याचं मोठं पुस्तक आलं 1854 मध्ये. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नागपूरकरानं पुतळ्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाबा, या स्प्रिंटला सांभाळून घे."

मग स्टीप हिल नावाचा चढ. नावातच सगळं आलं. वर एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला प्रचंड कॅथेड्रल, आणि मधल्या दगडी रस्त्यावर माणसंच माणसं. उंच टोप्या, घेरदार झगे, चामडी पट्टे, डोळ्यांवर गॉगल. एका आजोबांच्या पाठीवर प्लंबिंगच्या पाइपांचा बॉयलर, त्यातून खरंच धूर येत होता. एका बाईंनी आपल्या चार्जिंगच्या व्हीलचेअरचं रेल्वे इंजिन केलं होतं. आणि सगळे एकमेकांना थांबवून विचारतात, "हे कसं बनवलंत?" सांगणारा पण मनापासून सांगतो, कुठला डिंक, कुठला रंग. मला तो प्रकार जाम आवडला. आमच्या धंद्यात सगळं काचेच्या आड. इथे प्रत्येक चाक, प्रत्येक स्क्रू बाहेर.

आणि चहाचं द्वंद्व! दोघं समोरासमोर बसतात. पाच आकडे मोजेपर्यंत बिस्किट चहात बुडवायचं, मग वर काढून धरायचं. जो जास्त वेळ थांबून, बिस्किट न मोडता तोंडात टाकेल तो जिंकला. आता मला सांगा, ज्यांचं बालपण पारले-जी चहातून वाचवण्यात गेलं, त्यांना कोण हरवणार? माझी रूममेट लागोपाठ तीन जणांना हरवून पुढे गेली. चौथ्या वेळी जास्त आत्मविश्वास नडला आणि बिस्किट मांडीवर.

इथपर्यंत मस्त चाललं होतं.

दुपारी एक गृहस्थ आले. खाकी कपडे, डोक्यावर पांढरी सोला हॅट. जुन्या सिनेमातला गोरा साहेब घालतो ना, ती. आम्हा तिघांना बघून खूश झाले. म्हणाले, "वा! माझ्या मोहिमेला वाटाडे मिळाले." आणि नागपूरकराच्या हातात स्वतःची पेटी दिली, फोटोसाठी. मी हसले. छान पोज दिली. फोटो झाला, ते थँक्यू म्हणून गेले. वाईट माणूस नव्हता, खरंच.

पण रात्री जेवताना नागपूरकर एकदम म्हणाला, "काहून हसली तू?" मी म्हटलं, अरे, गंमत होती. तो म्हणाला, "त्याची गंमत. मी पेटी उचलायला आलो नव्हतो." लीडबाई म्हणाल्या, "हा सगळा खेळच आहे, कुणी मनावर घेत नाही." त्यावर रूममेट हळूच म्हणाली, "खेळात साहेब कोण आणि हमाल कोण, हे आधीच ठरलेलं होतं ना." मग कोणी बोलेना. बिल आलं, वेगवेगळं भरलं. वीकेंड इथेच बोंबलला असं वाटलं.

आता माझी थाप. माझ्या कोटावर मी ऑनलाइन मागवलेली चार-पाच पितळी चाकं चिकटवली होती, आणि त्यांच्यामध्ये एक खरी वस्तू होती, आजोबांचा गिरणीतला बिल्ला. मी इकडे यायला निघाले तेव्हा बाबांनी दिलेला. लीडबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "माझे आजोबा स्टीम इंजिनियर होते." हे मी शाळेपासून सांगत आलेय. कॉलेजात पण तेच. आजोबा इंजिनियर नव्हते. लालबागच्या एका गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. भट्टीत कोळसा मारायचे.

रविवारी सकाळी आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी अजून त्याच चाळीत राहते. मी हौसेनं सगळा थाट दाखवला, खिडकीतून रस्त्यावरची माणसं दाखवली. आजीनं डोळे बारीक केले.

"त्या पोराच्या तोंडाला काय लागलंय गं?"

"काजळी आहे आजी. मुद्दाम लावलीये. मेकअप."

"मुद्दाम?" आजी हसायलाच लागली. "अगं, तुझ्या आजोबांच्या बनियनची काजळी काढता काढता माझी बोटं सोलली. तिकडे विकत घेतात होय?"

मग एकदम गप्प झाली. म्हणाली, "सातशे बेचाळीस." मला कळेना. म्हणाली, "कोटाला लावलायस तो. आकडा वाचता येत नाहीये मला इथून. पण पगाराला याच नंबरानं हाक मारायचे."

मी बिल्ला उलटा करून पाहिला. सातशे बेचाळीस. इतकी वर्षं माझ्याकडे होता, पण मी नंबर कधी नीट वाचलाच नव्हता. आणि आजी पुढे म्हणाली, "संपानंतर सगळं विकलं. तेवढा बिल्ला ठेवला." 18 जानेवारी 1982. गिरणी कामगारांच्या घरात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही.

फोन ठेवला आणि मी ती विकतची चाकं उपटून काढली. कोट पण ठेवला. साधा शर्ट, बाह्या वर, डोक्याला रुमाल बांधला आणि छातीवर फक्त बिल्ला. नागपूरकर बघत राहिला. त्याला सगळं सांगितलं, थापेसकट. तो म्हणाला, "थांब," आणि त्यानं पण जॅकेट काढलं. रूममेटनं ओढणी कमरेला खोचली. आमची बॉयलर खात्याची पाळी तयार! लीडबाई खाली वाट बघत होत्या. त्यांना पण सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "काल मी चुकीचं बोलले." मग विचारलं, "मला या पाळीत घ्याल?"

त्या दिवशी किल्ल्यात एक वयस्कर गृहस्थ भेटले. लिंकनच्याच एका इंजिन कारखान्यात आयुष्य काढलेले. त्यांनी बिल्ला हातात घेतला, आणि विचारलं, "कुठला बॉयलर होता?"

मी म्हटलं, "आजोबा त्याला लँकेशायर म्हणायचे." मंडळी, लहानपणी मला लँकेशायर हे यंत्राचंच नाव वाटायचं. तो इंग्लंडमधला एक परगणा आहे, हे मला फार उशिरा कळलं!

त्यांचे डोळेच चमकले. म्हणाले, "दोन भट्ट्यांचा." बरोबर! त्या बॉयलरच्या पोटात दोन मोठ्या नळ्या असतात, दोन्हींत आग. 1844 मध्ये विल्यम फेअरबेर्नची ही रचना आली. आजोबा म्हणायचे, "त्याला दोन तोंडं, आणि दोन्ही कायम भुकेली." मी म्हटलं, "माझे आजोबा इंजिनियर नव्हते हां, नुसते फायरमन होते." ते म्हणाले, "नुसते? पाण्याच्या काचेवर नजर कुणाची असते?" आणि समजावून सांगितलं. पाणी कमी झालं की नळीचा वरचा भाग उघडा पडतो, पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि मग स्फोट. पूर्ण पाळीभर ती काच सांभाळायची. आजोबा जेवतानासुद्धा समोरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहायचे. आम्ही पोरं हसायचो. का बघायचे ते मला लिंकनमध्ये कळलं.

मग मी त्यांना आमच्या गिरणगावाचं सांगितलं. बूलचं पुस्तक आलं त्याच 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायला घेतली. पहाटेचा भोंगा, तीन पाळ्या. आणि नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी वर्षानुवर्षं झगडून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, 10 जून 1890. म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर असतानाच. मी म्हटलं, "आज रविवार आहे ना, तो आम्हाला असा मिळाला." पाच-सहा जण थांबून ऐकत होते. तेवढ्यात ते सोला हॅटवाले पण आले. ऐकत उभे राहिले. हॅट काढून हातात धरली होती. ऊन होतं म्हणून असेल, माहीत नाही. पण या वेळी फोटो मागितला नाही, प्रश्न विचारला: "भोंगा कसा वाजायचा?"

आता भोंगा मी तरी कुठे ऐकलाय? मग नागपूरकरानं, ज्यानं मुंबईत मोजून चार दिवस काढलेत, तोंडानं असा काही भोंगा वाजवला की किल्ल्यातली कबुतरं उडाली.

सोमवारी परतताना मी लीडबाईंना विचारलं, पुढच्या वर्षी? त्या म्हणाल्या, पाळी लावून ठेव.

घरी आल्यावर मी आजीला पुन्हा फोन केला आणि या वेळी फक्त ऐकलं. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालंय. त्यात एक वाक्य असं आहे की आजोबा फायरमन होते हे कुणाला सांगायला आजीला कधी लाज वाटली नाही. हे तिनं सहज सांगितलं, मला उद्देशून नाही. माझी थाप तिला माहीत नाहीये. हा एपिसोड मी तिला ऐकवणार आहे, म्हणजे माहीत होईल.

तुमच्या घरात पण असा एखादा बिल्ला, पास, जुना पान्हा असेल. त्याच्यावरचा नंबर वाचा, आणि जो सांगू शकेल त्याला आजच फोन लावा. मग मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात परत कोडिंग! चला, काळजी घ्या.