हरलं कोण?



निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी आमच्या नांदेडच्या घरात रेडिओ सकाळपासून सुरू असायचा. अब्बा बाहेरून आले की चपला काढता काढता विचारायचे, "कौन हारा?" जिंकलेल्याची चौकशी नंतर. मला लहानपणी याचं नवल वाटायचं.

पुढे वाचनातून कळलं, की काही देशांत हा प्रश्न विचारायची सोयच नसते. सोव्हिएत संघात १९३७ पासून कायदेमंडळाच्या निवडणुका थाटात होत. मतदान भरघोस, पण मतपत्रिकेवर नाव एकच. ती घडी घालून पेटीत टाकली की झाला होकार. नकार द्यायचा तर पडद्याआड जाऊन नाव खोडायचं. आणि पडद्याआड कोण गेलं, ते सगळ्यांना दिसायचं. मार्च १९८९ मध्ये मात्र नवल घडलं. लेनिनग्राडचे पक्षप्रमुख सोलोव्ह्योव्ह एकटेच उभे होते. निम्म्याहून अधिक मतदारांनी त्यांचं नाव खोडलं, आणि ते समोर कुणी नसताना पडले!

व्हिएतनाममध्ये आजही एकच पक्ष आहे. २०२१ साली तिथं ५०० जागांसाठी ८६८ उमेदवार होते. पण ते कोण असावेत, हे पक्षाच्या छत्राखालची आघाडी आधीच चाळून ठरवते. खरी निवडणूक मतदानाआधीच उरकलेली असते.

आपल्या मराठवाड्यातही एका पक्षाचा, काँग्रेसचा, वरचष्मा कित्येक वर्षं होता. तरी १९७७ साली नांदेडनं शेकापच्या केशवराव धोंडगे यांना लोकसभेत पाठवलं. १९९५ साली लातुरात विलासराव देशमुख विधानसभेला पडले. जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी त्यांना हरवलं. तेच विलासराव १९९९ साली मुख्यमंत्री झाले. पडलेला माणूस पुन्हा मतं मागायला दारात येऊ शकतो, हे लोकशाहीचं मोठं वैभव.

पण आपल्याकडंही एक गोड शब्द आहे: बिनविरोध. त्यानं भांडण टळतं, खर्च वाचतो, हे खरं. मात्र ही सहमती कुणाची, हेही बघावं. २०२१ साली उमराणे आणि खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली.

लातूर जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी एकदा ग्रामपंचायत अशीच बिनविरोध झाली. पारावर चार वजनदार माणसं बसली, नावं ठरली, संध्याकाळी घरोघर पेढे आले. आमची मामी मतदानाचं ओळखपत्र ट्रंकेतून काढून बसली होती. तिनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "म्हणजे आता मी जायचंच नाही का?"

लेनिनग्राडच्या मतदाराला निदान खोडायला कागद मिळाला होता. मामीला पेढा मिळाला.

अब्बा आज असते, तर त्यांनी नेहमीसारखं विचारलं असतं, "कौन हारा?" त्या दिवशी मला उत्तर माहीत होतं.