जुन्या मालमोटारीचे स्टिअरिंग : परीक्षा आणि दुरुस्ती
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला विषयाची मोकळीक दिली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. शिक्षण, विवाह आणि वसतिगृह हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत, व ते महत्त्वाचेही आहेत. परंतु येथे जमलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांच्या दारात मालमोटार उभी असते, आणि ती बहुधा जुनी घेतलेली असते. तिच्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते, प्रसंगी घरातील दागिने तारण पडलेले असतात, आणि ती चालविणारा घरचाच मुलगा किंवा भाऊ असतो. अशा गाडीच्या पुढच्या चाकांविषयी चार गोष्टी सांगाव्या, एवढाच माझा हेतू आहे.

लोहारकाम आणि सुतारकाम करणाऱ्या आपल्या घराण्यांना हा विषय परका नाही. बैलगाडीचा आख घडविणारे आणि चाकावर धाव चढविणारे हात आपलेच. १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, आणि लोखंडी नांगर घरोघर पोचला. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. पुढे बैलगाड्या कमी होत गेल्या आणि आपल्या आळीतील भाते थंडावले; पण त्याच घरांतील पुढची पिढी हमरस्त्याच्या कडेला गॅरेजात उभी राहिली. काम बदलले, लोखंड तेच राहिले.

बैलगाडी वळते तेव्हा आख तिच्याबरोबर वळतो. ट्रकचा पुढचा आख मात्र गाडीखाली आडवाच राहतो. त्याच्या दोन्ही टोकांस एकेक उभी पोलादी खीळ असते, तिला किंगपिन म्हणतात. चाक वळते ते या खिळीभोवती. प्रत्येक चाकाने आपापल्या खिळीभोवती वळावे, ही युक्ती म्यूनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिराची. तिचे पेटंट १८१८ साली लंडनमध्ये ॲकरमान यांनी घेतले. ही युक्ती घोडागाडीसाठी निघाली होती, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ड्रायव्हरचा हात आणि चाक यांच्यामध्ये एक साखळी असते. हातातील चक्र स्टिअरिंग बॉक्स फिरविते. बॉक्स ड्रॉप आर्म हलवितो. ड्रॉप आर्म ड्रॅगलिंकला ढकलतो. ड्रॅगलिंक एका बाजूचे चाक वळविते, आणि टायरॉड त्या चाकाची गती दुसऱ्या चाकास देतो. यांपैकी कोणताही सांधा झिजला, तरी ढिलाई जाणवते ती चक्रावरच. येथेच बहुतेकांची फसगत होते. चक्र ढिले लागते म्हणून बॉक्सवरचा स्क्रू आवळला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. प्रमाणाबाहेर आवळलेला बॉक्स वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, त्याचे दाते लवकर खराब होतात, आणि खरा झिजलेला सांधा तसाच राहतो. यास्तव माझे मुख्य सांगणे हे की, आधी शोधावे, मग खोलावे.

शोधण्याचा क्रम असा आहे. प्रथम टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले, तर पुढच्या चाकांचा टो-इन बिघडलेला आहे. एकाच काठाने टायर खाल्ला असेल, तर किंगपिन, बेअरिंग किंवा वाकलेला आख यांचा संशय घ्यावा. मग गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर टेकलेली ठेवून, एकाने चक्र थोडे डावीकडे व थोडे उजवीकडे सारखे हलवावे, आणि दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवीत जावे. पॉवर स्टिअरिंग असेल, तर त्या वेळी इंजिन चालू असावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी मागे राहते, तो सांधा दोषी. ड्रॉप आर्म स्वतःच उशिरा हलत असेल, तरच बॉक्सकडे वळावे.

यानंतर मागच्या चाकांना दगड लावून पुढचा आख जॅकने उचलावा व त्याखाली मजबूत घोड्या द्याव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. चाक वर व खाली धरून हलवावे. खेळ आढळला, तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला, तर तो किंगपिनचा. एवढी साधी परीक्षा न केल्यामुळे चांगल्या किंगपिन विनाकारण निघतात आणि झिजलेली बेअरिंगे तशीच धावतात. कमानीच्या पाट्यांचे यू-बोल्ट व शॅकलच्या पिना याच वेळी पाहाव्यात. आखच सरकत असेल, तर गाडी रस्त्यावर भरकटते आणि दोष मात्र स्टिअरिंगच्या माथी येतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम सांगतो की, चक्रावरील मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक नसावा, सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट व पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळातील पाच मिनिटांचे अंतर. वीस इंची चक्राच्या कडेवर ते सुमारे पाच इंच भरते. ही कायद्याची शेवटची मर्यादा होय. तेवढा खेळ येईपर्यंत थांबावे, असा तिचा अर्थ नव्हे.

आता दुरुस्ती. किंगपिन बदलताना नवे बुश बसवून दोन्ही बुशांना एकाच ओळीत, लांब रीमरने रीमर मारावा, आणि बुशाचे भोक ग्रीसच्या भोकाशी जुळवून घ्यावे. आखाचे भोक लंबगोल झाले असेल, तर नवी पिन त्यात टिकत नाही. थ्रस्ट बेअरिंग व शिम त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच घालाव्यात. टायरॉडच्या टोकाचा नट आवळताना स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही, तर नट किंचित पुढे आवळावा, मागे सोडू नये. काम झाल्यावर टो-इन मोजल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. झिजलेला बॉल ठोकून घट्ट करणे, वाकलेला टायरॉड तापवून सरळ करणे, आखाला किंवा ड्रॉप आर्मला वेल्डिंगचा टाका देणे, या गोष्टी कोणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी करू नयेत. घडीव पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी भट्टीच्या आचेने उतरते, हे लोहाराच्या घरात वेगळे सांगावयास नको.

ग्रीस हे यातील सर्वांत स्वस्त औषध आहे. कृष्णा-वारणेकाठच्या मळीच्या रानातून ऊस बाहेर काढताना फाटक्या टोपीतून चिखल सांध्यात शिरतो, आणि ग्रीसमध्ये मिसळून तोच सांधा खरवडतो. नवे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत गन चालवावी. आणि किंगपिनला ग्रीस देताना आख उचललेला असावा, म्हणजे ते थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोचते.

गाडी विकत घेताना इंजिनाच्या आवाजावर भुलू नका. जुन्या धुळीवर नव्या ग्रीसचे गोळे, ताजा रंग, आणि वळवून सोडल्यावर परत न येणारे चक्र, ही तिन्ही चिन्हे एकत्र दिसली, तर सौदा एक दिवस लांबवावा व वरील परीक्षा करावी. विकणाराने ती करू दिली नाही, तर उत्तर मिळालेच, असे समजावे.

बंधुभगिनींनो, कुंभार्लीच्या वळणावर भरलेल्या ट्रकाचा टायरॉड निसटला, तर ड्रायव्हरची हुशारी काही उपयोगाची नाही. त्या वळणावर आपला मुलगा असतो, समोरून एस. टी. येत असते, आणि कडेने पायी चालणारी माणसेही असतात. म्हणून माझी मंडळास एक विनंती आहे. पावसाळ्यात, ऊसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी एकेक दिवस ठरवावा. सभासदांनी आपल्या गाड्या आणाव्यात, आपल्यातील जाणत्या कारागिरांनी त्या विनामूल्य तपासाव्यात, आणि शिकाऊ मुलांनी शेजारी बसून सांध्यावर बोटे ठेवण्यास शिकावे. यास दोन माणसे, एक जॅक आणि दोन घोड्या पुरतात. मंडळाने या कामी तारीख ठरविली, तर पहिल्या दिवशी मी स्वतः हजर राहीन, असे आश्वासन देऊन मी आपली रजा घेतो.