सालदाराचा करार आणि फोनचा करार



आखाजी आली की आपल्या खान्देशात सालदाराचं साल संपतं. मालक आणि सालदार समोरासमोर बसतात, रक्कम नव्याने ठरते, दोघांनी हो म्हटलं तरच पुढचं साल सुरू होतं. कुणी गप्प बसला म्हणून जुना करार आपोआप पुढे चालत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण गप्प बसतो आणि पैसे कापले जातात.

हे कसं होतं ते पाहा. फोनवर गाणं, क्रिकेट किंवा भविष्य अशी एखादी सेवा चुकून दाबली जाते. मुदत संपली की ती आपोआप पुन्हा चालू होते. दुसरा प्रकार 'ऑटोपे'चा. एखादं अ‍ॅप पहिल्या वेळी एकच रुपया मागतं. आपण पिन टाकतो. त्याच पिनने दरमहा बँकेतून पैसे घेण्याची परवानगीही दिली गेली, हे ध्यानात येत नाही. महिन्याला दोनशे गेले तर वर्षाचे चोवीसशे झाले. सरकारी भावाने युरियाच्या आठ-नऊ गोण्या झाल्या की नाही?

आता नियम काय सांगतो ते ऐका. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना बजावलं की अशी जादा सेवा ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय सुरू करायची नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम पक्के लागू झाले. त्यानुसार दरमहाची रक्कम कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला संदेश गेला पाहिजे, आणि ती थांबवण्याची सोयही असली पाहिजे. वर्गणी बंद करण्याची वाट मुद्दाम लपवून ठेवणं ही फसवणूक आहे, असं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. ब्रिटनने तर घरगुती फोन आणि ब्रॉडबँडचे मुदतीचे करार आपोआप वाढवण्यावर २०११ सालीच बंदी घातली.

आपल्याकडचा नियम संमतीचा आणि आगाऊ सूचनेचा आहे. लहान रकमेला दर वेळी पिन विचारला जात नाही. म्हणून आलेली सूचना वाचायचं काम आपलंच. संदेश इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या. विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमधल्या सिमचे संदेश तर कुणीच पाहत नाही. रात्री वीज आली आणि मोटर सुरू झाली नाही, की मग आठवण होते.

तेव्हा एवढं करा :

१. नको असलेली सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

२. पैसे देण्याच्या अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघडून यादी पाहा आणि नको ती परवानगी रद्द करा. नुसतं अ‍ॅप पुसून टाकलं म्हणजे हप्ता थांबत नाही.

३. तक्रार कंपनीच्या १९८ क्रमांकावर करा. तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हीही आहे.

४. स्टार्टरमधलं सिम महिन्यातून एकदा साध्या फोनमध्ये घालून मुदत आणि शिल्लक तपासा.

५. सेवा बंद करून देतो म्हणून कुणी पिन किंवा ओटीपी मागितला, तर देऊ नका.

येत्या आखाजीला सालदाराशी बोलणी कराल, त्याच दिवशी फोनचाही हिशेब मांडा. कोणता करार पुढे चालवायचा आणि कोणता मोडायचा, हे मालकाने ठरवायचं असतं. आणि पैसे तुमचे आहेत, म्हणजे मालक तुम्हीच.